व्हॉल्व्ह गेला, परत आला. पण तोच आला का?

मंडळी, ‘ट्रान्झिस्टर’ या शब्दाचं मराठीत काय झालं ते आठवतंय ना? इंजिनिअरच्या लेखी ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचा एक चिमुकला सुटा भाग. आपल्या लेखी तो अख्खा रेडिओ. शेतावर नेलेला, मॅचच्या दिवशी कानाला लावलेला, चामड्याच्या कव्हरातला. आतल्या भागाचं नाव बाहेरच्या वस्तूला चिकटलं, कारण त्या भागानं वस्तूच बदलून टाकली होती. त्याआधीचा रेडिओ असा कुणी काखेत मारून नेत नसे. मिरजेला आजोबांच्या घरी तो भिंतीवरच्या फळीवर बसलेला असायचा. बटण फिरवलं की आधी मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसायचा, मग वाट बघायची, आणि मग हळूहळू आवाज यायचा. बंद पडला की घरात एकच निदान व्हायचं: “व्हॉल्व्ह गेला असणार.”

एक दिवस तो रेडिओ भंगारवाल्याकडे गेला आणि घरात ट्रान्झिस्टर आला. कुणालाही वाईट वाटलं नाही, उलट सगळे खूश होते.

हे सगळं आठवायचं कारण असं, की गेल्या हिवाळ्यात मी इथे इंग्लंडमध्ये नेमकं उलटं केलं. दिवाणखान्यातला धडधाकट ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर काढला आणि त्या जागी सेकंडहँड घेतलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवला. पॉडकास्टच्या रेकॉर्डिंगला गप्पांच्या ओघात हे सांगितलं, तर सहकाऱ्यानं माइकसमोरच विचारलं, “म्हणजे नक्की सुधारलं काय?” मी तीनचार वाक्यं बोललो. ‘ऊब’ म्हणालो, ‘गोडवा’ म्हणालो. नंतर एडिटिंगला ते ऐकलं तेव्हा लाज वाटली. तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवणारा माणूस जाहिरातीच्या भाषेत बोलत होता. तो तुकडा आम्ही कापला नाही. त्याऐवजी हा लेख लिहितोय. तुम्ही तो भाग ऐकला नसेल तरी काही बिघडत नाही, प्रश्न तोच आहे. टाकून दिलेली वस्तू माणसं परत घरात आणतात, तेव्हा ती नक्की काय परत आणतात?

झडप आणि आरसा

सुरुवात लंडनपासून करू. युनिव्हर्सिटी कॉलेजमधले प्राध्यापक जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी 1904 साली एका उपकरणाचं पेटंट मागितलं. हवा काढून घेतलेला काचेचा बल्ब, आत तापलेली तार आणि शेजारी धातूची पट्टी. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन पट्टीकडे जातात, उलटे येत नाहीत. वीज एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, म्हणून नाव ‘व्हॉल्व्ह’. अमेरिकेत त्याच वस्तूला ‘ट्यूब’ म्हणतात. आपल्याकडे ब्रिटिश शब्द रुळला. (सायकलवाल्याकडे ट्यूब आणि व्हॉल्व्ह दोन्ही मिळतात, तो भाग वेगळा.)

पुढच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तार आणि पट्टी यांच्यामध्ये एक जाळी बसवली. या जाळीवर बारीकसा विद्युतदाब कमीजास्त केला, की पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याबरहुकूम कमीजास्त होतो. लहानाचं मोठं करता येऊ लागलं. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एवढंच.

पण हे सगळं घरात गाणं ऐकण्यासाठी चाललेलं नव्हतं, इकडे लक्ष द्या. अ‍ॅम्प्लिफायरचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं टेलिफोन. 1915 साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला तो वाटेत बसवलेल्या व्हॉल्व्हच्या जोरावर. मात्र एकामागून एक असे अनेक अ‍ॅम्प्लिफायर लावले की प्रत्येकाचा थोडाथोडा दोष साठत जातो. एका कानातून दुसऱ्या कानात सांगत नेलेल्या निरोपासारखं. हा दोष म्हणजे डिस्टॉर्शन, मूळ सिग्नलमध्ये नसलेली भर. बेल लॅबचे इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक यांना यावरचा उपाय 1927 साली कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीवर सुचला आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी तो लिहून काढला. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत पाठवायचा. म्हणजे बाहेर जे चुकलं असेल, ते आत आपोआप वजा होतं. हा निगेटिव्ह फीडबॅक.

ही युक्ती घरातल्या संगीतापर्यंत नीट पोचायला वीस वर्षं लागली. 1947च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण इंजिनिअरनं एका अ‍ॅम्प्लिफायरचा नकाशा छापला. केटी66 जातीचे दोन व्हॉल्व्ह, भरपूर फीडबॅक, अतिशय काळजीपूर्वक गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ताकद 15 वॅट आणि डिस्टॉर्शन 0.1 टक्क्याहून कमी. जगभरच्या हौशी लोकांनी हा अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधला. त्याच सुमाराला हॅरॉल्ड लीक आपल्या अ‍ॅम्प्लिफायरना ‘पॉइंट वन’ म्हणत होते, तेही याच 0.1 टक्क्यावरून. पीटर वॉकर यांच्या कंपनीचा क्वाड टू 1953 साली आला, त्यातही केटी66 होते आणि ताकदही 15च वॅट.

या सगळ्या मंडळींचं ध्येय एकच होतं: अ‍ॅम्प्लिफायर आरशासारखा असावा. समोर जे आहे ते दाखवावं, स्वतःचं काही घालू नये. त्यांना कुणी “तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज फार गोड आहे” असं म्हटलं असतं, तर त्यांनी ती तक्रार समजून परत मोजमाप घेतलं असतं. व्हॉल्व्ह त्यांना प्रिय होता अशातला भाग नाही. दुसरं काही उपलब्धच नव्हतं.

ट्रान्झिस्टर आला, पण वेंधळा

गंमत बघा. विल्यमसनचा लेख छापून आला त्याच वर्षी, 1947च्या डिसेंबरात, न्यू जर्सीतल्या बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कळसाला पोचत होता आणि त्याला हटवणारी वस्तू जन्माला येत होती.

घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत यायला ट्रान्झिस्टरला दीड दशक लागलं. लीक कंपनीचा स्टीरिओ 30 हा 1963 साली आला, ब्रिटनमधल्या पहिल्या काही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांपैकी एक. वॉकर थांबले. त्यांचा क्वाड 303 आला 1967 साली, एका चॅनेलला 45 वॅट. दोन क्वाड टू ज्या जागेत मावत, त्याहून कमी जागेत तिप्पट ताकद.

फायदे उघड होते. व्हॉल्व्हची तार नुसती तापत ठेवायलाच वीज लागते. एका केटी66ला साधारण आठ वॅट, गाणं सुरू असो वा नसो. व्हॉल्व्ह काही हजार तासांत थकतो. त्याला शेकडो व्होल्टचा दाब लागतो. शिवाय व्हॉल्व्ह म्हणजे दाब जास्त, प्रवाह कमी. स्पीकरला हवं असतं नेमकं उलटं. म्हणून मध्ये तो जड, महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ट्रान्झिस्टरला त्याची गरजच नाही. लोखंड गेलं, तांबं गेलं, उष्णता गेली, किंमत उतरली.

पण सुरुवातीचा आवाज? बऱ्याच जणांना तो कानाला टोचला, आणि ते नुसते कुरकुरत नव्हते. ट्रान्झिस्टरच्या आउटपुटमध्ये दोन गट असतात, एक लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवताना क्षणभर दोघेही हात सोडतात. रिले शर्यतीत काठी निसटावी तसं. हे क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. यात खोच अशी, की मोठ्या आवाजात हा दोष एकूण लाटेच्या मानानं नगण्य दिसतो आणि हळू आवाजात तोच ठळक होतो. डिस्टॉर्शनचा ठळक आकडा मात्र सहसा पूर्ण ताकदीवर मोजून छापला जाई. म्हणजे कागदावर अ‍ॅम्प्लिफायर उत्तम, आणि रात्री हळू आवाजात तानपुऱ्यावर एकटा स्वर लावलेला असताना किरकिरा.

इथे इतिहासकार म्हणून मला थांबावंसं वाटतं. त्या वेळी ‘मला काहीतरी खटकतंय’ असं म्हणणाऱ्या श्रोत्याला आकडे दाखवून गप्प करणं सोपं होतं. श्रोता बरोबर होता. आकडा खोटा नव्हता, पण चुकीच्या ठिकाणी मोजलेला होता. या एका अनुभवामुळे ऐकणाऱ्यांच्या एका गटाचा मोजमापावरचा विश्वास उडाला, आणि दोष दुरुस्त झाल्यानंतरही तो परत बसला नाही. पुढच्या पन्नास वर्षांच्या भांडणाचं मूळ इथे आहे.

परतीची पहिली लाट

दोष खरंच दुरुस्त झाला. जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन आलं, सर्किटं सुधारली. 1970पर्यंत चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर चांगल्या व्हॉल्व्हच्या तोडीचा झाला होता. आणि नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत मिनिआपोलिसला विल्यम झेन जॉन्सन यांनी ऑडिओ रिसर्च ही कंपनी काढून नवे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर विकायला घेतले. 1977 साली कॉनराड-जॉन्सन ही दुसरी कंपनी निघाली, तिचे दोन्ही संस्थापक अर्थशास्त्राचे डॉक्टरेट! लोकांना वाटलं, भंगारात निघालेला माल ही माणसं सोन्याच्या भावानं विकायला बसली आहेत.

संशोधनही झालं. 1973 साली रसेल हॅम यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला, तो आजही दोन्ही बाजू उद्धृत करतात. हॅम स्टुडिओतल्या माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरांबद्दल बोलत होते, आणि तेही ते झेपेपलीकडे ताणले जातात तेव्हाच्या वागण्याबद्दल. ताणल्यावर त्यांच्या व्हॉल्व्हमधून दुसरा हार्मोनिक जास्त निघत होता, ट्रान्झिस्टरमधून तिसरा. आपल्या भाषेत सांगायचं तर तुम्ही मंद्र सा लावलात, की दुसरा हार्मोनिक म्हणजे मध्य सा. तोच स्वर, एक सप्तक वर. तिसरा म्हणजे त्याच्या वरचा पंचम. भर दोघेही घालतात, पण एकाची भर स्वरात मिसळून जाते, दुसऱ्याची वेगळी उठून दिसते. आता घरात कुणी अ‍ॅम्प्लिफायर एवढा ताणत नाही, हे हॅमचा दाखला देणारे बहुतेक जण सांगत नाहीत.

मग 1978 साली इंग्लंडमध्ये क्वाडनं सरळ परीक्षाच घेतली. जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञानं क्वाड टू, 303 आणि नवा 405, म्हणजे एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, पडद्याआड ठेवून जाणकार श्रोत्यांना ऐकवले. तिघांचा आवाज काळजीपूर्वक सारखा करून. निकाल ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये छापून आला, तीस वर्षांपूर्वी विल्यमसनचा नकाशा आला होता त्याच मासिकात: श्रोत्यांना फरक खात्रीनं ओळखता आला नाही. अंदाजानं जेवढं बरोबर येईल तेवढंच आलं.

या निकालाचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ: फरक नसतोच, सगळं मनाचे खेळ. पण दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1953चा उत्तम व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आणि 1975चा उत्तम ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर सारखे ऐकू आले, कारण दोन्ही एकाच माणसानं एकाच ध्येयानं बनवले होते. दोन्ही आरसे होते. चांगल्या आरशांमध्ये फरक दिसू नये, हेच तर त्यांचं यश.

मग ‘व्हॉल्व्हचा आवाज’ ही चीज आली कुठून?

बारीकशी चोरी

1985 साली अमेरिकेतले डिझायनर बॉब कार्व्हर यांनी ‘स्टीरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिलं. तुम्हाला आवडणारा कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर आणा, मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हुबेहूब तसा करून देतो. मासिकानं एक महागडा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर निवडला, तो कॉनराड-जॉन्सनचा होता हे नंतर जाहीर झालं. कार्व्हर दोन दिवस सांता फे इथे खोलीत बसले. त्यांनी दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना एकच संगीत दिलं, एकाचं आउटपुट दुसऱ्यातून वजा केलं आणि उरलेला फरक ऐकत आपल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बदल करत गेले. शेवटी उरलेला फरक 70 डेसिबल खाली गेला, म्हणजे सुमारे तीन हजारांत एक भाग. मासिकाच्या संपादकांना दोघांतला फरक सांगता येईना. पुढे बाजारात आलेल्या मॉडेलवरून पुष्कळ वाद झाले, पण त्या खोलीत जे झालं ते झालंच.

यात तुमच्याआमच्या कामाचा मुद्दा असा. कार्व्हरनी नक्कल केली ती मुख्यतः व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरशी ज्या पद्धतीनं वागतो तिची. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला सहसा घट्ट पकडून ठेवतो. ट्रान्सफॉर्मरमधून आणि कमी फीडबॅकनं चालणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर जरा सैल पकडतो. स्पीकरचा विरोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो, कुठे जास्त, कुठे कमी. पकड सैल असली की आवाजही त्या चढउतारांप्रमाणे कुठे थोडा उचलला जातो, कुठे थोडा दबतो. म्हणजे ज्याला आपण व्हॉल्व्हचा आवाज म्हणतो, त्याचा बराच भाग त्या व्हॉल्व्हचा आणि तुमच्या स्पीकरचा मिळून झालेला असतो. स्पीकर बदला, ‘व्हॉल्व्हचा आवाज’ही बदलेल.

आरशाचं वाद्य झालं

इकडे जपानमध्ये वेगळीच वाट निघाली होती. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीनं 1930च्या दशकात 300बी नावाचा व्हॉल्व्ह बनवला होता. त्या कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर सिनेमागृहांत गरजले. हा व्हॉल्व्ह एकटा वापरला तर जेमतेम आठ वॅट देतो. विल्यमसनच्या पिढीनं असलं सर्किट कधीच मागे टाकलं होतं. जपानी हौशी लोकांनी ते पुन्हा हाती घेतलं: एकच व्हॉल्व्ह, फीडबॅक अगदी कमी किंवा नाहीच, आणि स्पीकर मात्र कण्यांसारखे तोंड पसरलेले, थोड्या वॅटात मोठा आवाज देणारे. जाँ हिरागा यांच्या लेखनातून ही आवड 1970च्या दशकात फ्रान्सला पोचली, 1990च्या दशकात अमेरिकेला.

अशा अ‍ॅम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन टक्क्यांत मोजावं लागतं, टक्क्याच्या दहाव्या भागात नाही. विल्यमसननं ज्याला घालवायला जिवाचं रान केलं, ते इथे मुद्दाम राहू दिलं होतं. हा व्हॉल्व्ह परत आला खरा, पण ज्या कामासाठी गेला होता त्या कामावर परत आला नाही. गेला तेव्हा तो आरसा होता, परत आला तो वाद्य म्हणून.

आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. मिरजेच्या कारागिरांनी केलेला तानपुरा आठवा. घोडीवर, तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवून जवारी काढतात. तार घोडीच्या पृष्ठभागाला किंचित घासते आणि त्यातून हार्मोनिकांचा तो झंकार उठतो. दोरा काढा, तार जास्त ‘शुद्ध’ कंप पावेल आणि तानपुरा मुका वाटेल. भर घालणं हा आपल्या कानांना दोष वाटत नाही, पिढ्यान् पिढ्या आपण ती कमावत आलो आहोत.

पण उपमा इथेच थांबते, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तानपुऱ्याची जवारी गायकानं स्वतः, त्या दिवशीच्या पट्टीला लावून घेतलेली असते. माझा अ‍ॅम्प्लिफायर मात्र किशोरीताई, पियानो आणि बातम्या, सगळ्यांना एकच जवारी लावतो, कुणालाही न विचारता. ती गायिकेची निवड नसते. ती माझी निवड असते, तिच्या आवाजावर लादलेली.

दिवा तेवत कुणी ठेवला?

आता एक प्रश्न उरतो, जो ऑडिओवाले क्वचित विचारतात. व्हॉल्व्ह परत घरात आणायला मुळात व्हॉल्व्ह शिल्लक कसे राहिले? हॅमरस्मिथमधला केटी66चा कारखाना 1980च्या दशकात बंद पडला. ब्लॅकबर्नमधल्या मलर्डच्या अवाढव्य कारखान्यानंही व्हॉल्व्ह बनवणं सोडलं. 300बीचं उत्पादन 1988 साली थांबलं. घरातल्या श्रोत्यांच्या प्रेमावर असले कारखाने चालत नाहीत.

ते तगले दोन गोष्टींवर. एक, इलेक्ट्रिक गिटार. गिटारवाल्यांना अ‍ॅम्प्लिफायर ताणायचाच असतो, हॅमनं मोजलेला तो फाटलेला आवाज हेच त्यांचं वाद्य. दुसरी, शीतयुद्ध. 1976 साली सोव्हिएत वैमानिक बेलेन्को आपलं मिग-25 घेऊन जपानमधल्या हाकोदातेला उतरला, तेव्हा त्या अत्याधुनिक विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये पाश्चात्त्य तंत्रज्ञांना व्हॉल्व्ह सापडले. सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया, चीन इथले कारखाने सुरूच राहिले होते. भिंत पडल्यावर हे कारखाने गिऱ्हाइकं शोधू लागले आणि गिटारवाले व ऑडिओवाले त्यांना मिळाले. रशियातल्या सारातोवचा कारखाना न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांनी विकत घेतला. ते गिटारच्या पेडलांचे कारखानदार. स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीनं जुन्या टेस्ला कारखान्याचा वारसा चालवला.

आपल्याकडेही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं व्हॉल्व्ह बनवले. त्यातले न वापरलेले, खोक्यात राहिलेले नग आज इथे युरोपात शौकीन लोक शोधून विकत घेतात. आजोबांच्या रेडिओचा व्हॉल्व्ह जायचा तेव्हा मिरजेच्या दुकानात जी पांढरीनिळी खोकी मिळायची, तसली. मी माझ्यासाठी एक जोडी घेतली, आणि त्यावर मोजलेले पाउंड आजोबांना ऐकवले असते तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून ताप बघितला असता.

2022च्या मार्च महिन्यात, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, रशियातून व्हॉल्व्हची निर्यात काही काळ थांबली आणि जगभर भाव कडाडले. दिवाणखान्यातल्या एका शांत, तांबूस उजेडाच्या मागे केवढं जग उभं आहे, ते तेव्हा कळलं.

मग, नक्की सुधारलं काय?

सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो. लेख लिहायच्या आधी मी घरी मॉयरसारखी परीक्षा करून पाहिली. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज मीटरनं सारखा केला, बायकोला पडद्यामागे बसवलं (“हे संशोधन आहे का?” असं दोनदा विचारून ती बसली), आणि मी ओळखायला लागलो. छोट्या स्पीकरवर मी साफ नापास झालो, नाणं उडवलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं. मोठ्या जुन्या स्पीकरवर मात्र बहुतेक वेळा ओळखलं. स्त्रीच्या आवाजात किंचित पुढे आल्यासारखं काहीतरी होतं. कार्व्हरनी सांगितलं तेच, सैल पकड आणि स्पीकरचे चढउतार. आवाज सुधारला नव्हता. तो वेगळा झाला होता, आणि तो वेगळेपणा मला आवडला होता.

तेव्हा माइकसमोर मी ‘ऊब’ म्हणालो ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. खरं उत्तर असं द्यायला हवं होतं: “मूळ ध्वनिमुद्रणाशी प्रामाणिकपणा थोडा कमी झाला, माझ्या आवडीशी थोडा वाढला. आणि चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागतं, त्यामुळे मी गाणं लावून दुसऱ्या कामाला लागायचं सोडलं.” यातलं शेवटचं कारण कुठल्याच मीटरवर येत नाही, पण माझ्या घरात सगळ्यात मोठा फरक त्यानंच केला.

तुम्ही असा बदल करायच्या विचारात असाल तर इतिहासातून हाती लागलेल्या चार गोष्टी सांगतो. आधी स्पीकर बघा. आठदहा वॅटात जे स्पीकर खुलत नाहीत त्यांना एकटा 300बी लावू नका. कमी फीडबॅकच्या अ‍ॅम्प्लिफायरबरोबर स्पीकरचा विरोध किती वरखाली होतो तेही विचारून घ्या. जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतलात तर जाणकाराकडून तपासल्याशिवाय प्लगला लावू नका, आणि स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बंद केल्यानंतरही राहू शकतात. व्हॉल्व्ह झिजतात, बदलायचा खर्च आधीच धरा. आणि निर्णयाआधी एकदा तरी डोळे बांधून, आवाज सारखा करून ऐका. नापास झालात तरी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला हरकत नाही. फक्त मग आपण आरसा घेतोय की वाद्य, हे स्वतःला माहीत असू द्या.

माझा जुना ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मी विकलेला नाही. तो माळ्यावर आहे. आजोबांनी रेडिओ भंगारात दिला तेव्हा तो परत हवासा वाटेल, असं कुणाला वाटलं होतं?